संगणकाच्या गाभ्यातील गळती : कर्नल ड्रायव्हरमधील एक दुर्लक्षित असुरक्षितता

कारखान्यातील एखादा संगणक सोमवारी सकाळी सुरू केला की सुरळीत चालतो. पंधरवड्यानंतर तोच संगणक मंदावू लागतो आणि एखाद्या रात्रपाळीत पूर्णपणे थिजून बसतो. बंद करून पुन्हा सुरू केला, की जणू काही झालेच नव्हते अशा थाटात त्याचे काम चालू होते. 'यंत्र जुने झाले' असे म्हणून हा प्रकार बहुतेक ठिकाणी सोडून दिला जातो. अशा मंदगतीची कारणे अनेक असू शकतात. परंतु त्यांतील एक कारण असे आहे, की ते यंत्राच्या वयावर अवलंबून नसते आणि अगदी कोऱ्या यंत्रातही आढळते. संगणकशास्त्रात त्याला 'रिसोर्स लीक' म्हणजेच संसाधन गळती म्हणतात. ही गळती ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, एखाद्या ड्रायव्हरमध्ये असेल, तर प्रश्न केवळ मंदगतीचा राहत नाही. तो सुरक्षिततेचा होतो.

पूर्वी औरंगाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२३ मध्ये नामांतर झालेल्या छत्रपती संभाजीनगर शहराला हा विषय परका नाही. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे मराठवाड्याच्या या राजधानीला उद्योगनगरीचे रूप आले. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग असलेल्या 'ऑरिक' या शेंद्रा-बिडकीन परिसरातील औद्योगिक नगराच्या 'ऑरिक हॉल' या इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानातही शहराची निवड २०१६ मध्ये झाली होती. तीन पाळ्यांत चालणारे कारखाने, रुग्णालये, बँका, चौकांतील कॅमेरे या सर्व ठिकाणचे संगणक घरच्या संगणकासारखे रात्री बंद केले जात नाहीत. ते महिनोन् महिने अखंड चालतात. संसाधन गळतीचा फटका सर्वाधिक बसतो तो अशाच यंत्रांना.

कर्नल आणि ड्रायव्हर

विंडोज असो वा लिनक्स, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमला एक गाभा असतो. त्याला कर्नल म्हणतात. संगणकाची मेमरी कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, डिस्कवरील फाइल कोणाला उघडू द्यायची, हे सारे निर्णय कर्नल घेतो. सामान्य प्रोग्रॅम, उदाहरणार्थ हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा ब्राउझर, कर्नलकडे मागणी करतात आणि मिळेल तेवढ्यावर काम भागवतात. त्यांना थेट यंत्राला हात लावण्याची मुभा नसते.

प्रिंटर, वाय-फाय कार्ड, कॅमेरा, ग्राफिक्स चिप अशा प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी असते. ती भाषा कर्नलला समजावून देणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. बहुसंख्य ड्रायव्हर कर्नलच्याच आत, त्याच्या सर्वाधिकारांसह चालतात. त्यामुळे ड्रायव्हरची चूक ही कर्नलची चूक ठरते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलच्या आजच्या एकूण संहितेत निम्म्याहून अधिक हिस्सा ड्रायव्हरांचा आहे. हे ड्रायव्हर जगभरातील निरनिराळ्या कंपन्यांचे अभियंते लिहितात आणि त्यांची कसोटी घेण्यासाठी लागणारे उपकरण प्रत्येक तपासनिसाजवळ असतेच असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण कर्नलच्या इतर भागांच्या तुलनेत तीन ते सात पट असल्याचे दिसून आले होते.

ड्रायव्हरमधील एका चुकीचा आवाका किती मोठा असू शकतो, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर सदोष माहिती वाचताना कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ती चूक संसाधन गळतीची नव्हती. मेमरीच्या हद्दीबाहेर वाचन करण्याची होती. ती क्षणात कोसळवणारी असल्यामुळे सर्वांना दिसली. गळती मात्र थेंबाथेंबाने होते, आणि म्हणूनच ती नजरेतून सुटते.

गळती म्हणजे नेमके काय?

'गळती' हा शब्द काहीसा फसवा आहे. जलवाहिनीतील गळतीत पाणी बाहेर वाहून जाते आणि रस्त्यावर दिसते. संगणकातील मेमरी कोठेही वाहून जात नाही. ती यंत्रातच असते. मात्र कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. यासाठी अधिक नेमके उदाहरण यात्रेच्या ठिकाणच्या भक्तनिवासाचे देता येईल.

महाशिवरात्रीला वेरूळच्या घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. अशा वेळी एखाद्या भक्तनिवासाच्या कार्यालयात वही असते आणि भिंतीवर किल्ल्या टांगलेल्या असतात. भाविक आला, की वहीत नोंद होते आणि किल्ली दिली जाते. तो गेला, की किल्ली परत येते आणि खोली दुसऱ्याला मिळते. समजा, एक भाविक किल्ली परत न करताच निघून गेला. खोली रिकामी आहे, पण वहीत ती भरलेली दिसते. एका खोलीने काही बिघडत नाही. पण दररोज दोन-चार जण असेच जाऊ लागले, तर काही दिवसांत निम्म्या खोल्या रिकाम्या असूनही दारात आलेल्या भाविकाला 'जागा नाही' असे सांगावे लागेल.

कर्नलचे कामकाज असेच चालते. ड्रायव्हरला काम करण्यासाठी मेमरीचा तुकडा लागतो, तो कर्नलकडून मागून घेतला जातो आणि काम संपल्यावर परत करावा लागतो. परत करण्याची सूचना संहितेत लिहायची राहून गेली, तर तो तुकडा कायमचा अडकतो. मेमरीखेरीज इतर संसाधनांनाही हाच नियम लागू होतो. उघडलेली फाइल, उपकरणाशी माहितीची देवघेव करण्यासाठी राखून ठेवलेली जागा, लावलेले कुलूप, उपकरणाकडून येणाऱ्या संदेशासाठी नोंदवलेली वाट, यांपैकी काहीही घेतले आणि परत केले नाही, तर ती संसाधन गळतीच होय. सॉफ्टवेअरमधील दोषांच्या 'सीडब्ल्यूई' या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपयोग संपल्यावर मेमरी न सोडण्याच्या दोषाला ४०१ आणि कोणतेही संसाधन न सोडण्याच्या दोषाला ७७२ हा क्रमांक आहे.

सामान्य प्रोग्रॅममधील गळती आणि कर्नलमधील गळती यांत एक मूलभूत भेद आहे. ब्राउझरने मेमरी अडकवून ठेवली, तर ब्राउझर बंद करताच कर्नल ती सारी मेमरी काढून घेतो. भाविकाने किल्ली परत केली नाही, तरी व्यवस्थापक दुसऱ्या किल्लीने खोली उघडू शकतो, तसाच हा प्रकार आहे. परंतु खुद्द व्यवस्थापकाच्याच वहीत चूक असेल, तर ती दुरुस्त करणारा त्याच्या वर कोणी नाही. कर्नलमध्ये अडकलेली मेमरी सामान्यतः संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत अडकलेलीच राहते. सुरुवातीला सांगितलेल्या यंत्राला 'बंद करून सुरू करा' हा उपाय लागू पडतो, तो याच कारणाने.

चूक दडते अपयशाच्या वाटेवर

अनुभवी अभियंते अशी साधी गोष्ट कशी विसरतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे, की जेथे सारे काही सुरळीत पार पडते तेथे ते सहसा विसरत नाहीत. विसर पडतो तो काम अर्ध्यावर फसते तेथे. ड्रायव्हर एखादे काम पाच टप्प्यांत करतो असे समजू. पहिल्या टप्प्यात त्याने मेमरी घेतली, दुसऱ्यात फाइल उघडली, तिसऱ्यात कुलूप लावले आणि चौथ्या टप्प्यावर उपकरणाने नकार दिला. आता आधीच्या तिन्ही गोष्टी उलट क्रमाने परत करून मगच त्याला माघार घ्यावी लागते. चौथ्याऐवजी दुसऱ्याच टप्प्यावर नकार आला असता, तर परत करायच्या गोष्टींची यादी निराळी झाली असती. अपयशाच्या प्रत्येक वाटेसाठी परतफेडीचा हिशेब वेगळा असतो. या वाटा दैनंदिन वापरात क्वचितच चोखाळल्या जातात, म्हणून चाचणीतही त्या तपासल्या जात नाहीत.

याचे स्वच्छ उदाहरण २०१९ मधील आहे. त्या वर्षी जून महिन्यात बाजारात आलेला 'रास्पबेरी पाय ४' हा तळहातावर मावणारा संगणक अल्पावधीत विद्यार्थ्यांचा आणि हौशी तंत्रज्ञांचा आवडता झाला. त्याच्या ग्राफिक्स चिपसाठी लिनक्समध्ये 'व्ही३डी' नावाचा ड्रायव्हर आहे. पडद्यावर चित्र काढण्याचे काम प्रोग्रॅमकडून स्वीकारणाऱ्या त्यातील एका फंक्शनमध्ये दोन गळत्या आढळल्या. हे फंक्शन प्रत्येक कामासाठी दोन नोंदी तयार करते. एक नोंद चित्र रंगवण्याची आणि दुसरी पडद्याचे चौकोनी भाग पाडून आकृत्यांची विभागणी करण्याची. पहिली नोंद तयार झाली आणि दुसरीसाठी मेमरी मिळाली नाही, तर फंक्शन पहिली नोंद तशीच टाकून माघार घेत असे. दुसरीसाठी मेमरी मिळाली, पण तिची मांडणी फसली, तर ती मेमरी तशीच अडकून पडे. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती. लिनक्सच्या ५.३.११ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली आणि या दोषाला 'सीव्हीई-२०१९-१९०४४' हा क्रमांक मिळाला. वाय-फाय, नेटवर्क आणि ध्वनिचित्र उपकरणांच्या ड्रायव्हरांतील अशाच अनेक गळत्या त्याच सुमारास लागोपाठ नोंदवल्या गेल्या. त्यांतील जवळपास प्रत्येक चूक अपयशाच्या वाटेवरची होती.

दोष असुरक्षितता केव्हा ठरतो?

प्रत्येक दोष म्हणजे असुरक्षितता नव्हे. 'सीव्हीई' ही सुरक्षाविषयक दोषांना क्रमांक देणारी व्यवस्था १९९९ पासून चालू आहे. एखादी गळती त्या यादीत बसते की नाही, हे ठरवताना तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, ही गळती बाहेरच्या व्यक्तीला किंवा सामान्य अधिकारांच्या वापरकर्त्याला घडवून आणता येते काय? दुसरा, ती पुन्हा पुन्हा घडवता येते काय? आणि तिसरा, तिचा परिणाम इतरांना भोगावा लागतो काय?

तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर गळती हे हल्ल्याचे साधन होते. हल्लेखोर एक छोटा प्रोग्रॅम लिहून सदोष मागणी लक्षावधी वेळा करतो. प्रत्येक वेळी थोडी मेमरी अडकते आणि अखेर कर्नलजवळ काहीही शिल्लक राहत नाही. मग तो इतर प्रोग्रॅम बंद करू लागतो किंवा स्वतःच थांबतो. अशा वेळी माहिती चोरीला जात नाही. परंतु सेवा बंद पडते. याला 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणजे सेवा नाकारली जाण्याचा हल्ला म्हणतात. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची कामे चालतात त्या ठिकाणी एका ग्राहकाच्या खोडसाळपणाची झळ बाकीच्या सर्वांना बसते.

याउलट, जी गळती केवळ संगणक सुरू होताना, उपकरणाची पहिली ओळख पटवताना आणि तीही मेमरी अपुरी पडली तरच घडते, तिचा गैरफायदा घेणे जवळपास अशक्य असते. २०१९ मध्ये नोंदवलेल्या काही गळत्यांबाबत याच कारणावरून वाद झाला आणि 'हल्लेखोराला ही परिस्थिती घडवून आणणे वास्तवात शक्य नाही' असा आक्षेप त्यांच्या नोंदीतच दाखल झाला. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचे विकसक स्वतःच हे क्रमांक देऊ लागले. कर्नलमधील जवळपास कोणताही दोष कोणत्या ना कोणत्या परिस्थितीत सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो, अशी त्यांची भूमिका असल्यामुळे क्रमांकांची संख्या झपाट्याने वाढली. यादीतील आकडा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही, तसेच 'नुसती मेमरीच तर अडकते' म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नाही. ते का योग्य नाही, हे २०१६ मधील एका प्रकरणाने दाखवून दिले.

गळतीतून ताबा

कर्नलमधील एकच वस्तू एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम वापरत असतात. म्हणून कर्नल प्रत्येक वस्तूवर ती वापरणाऱ्यांची संख्या लिहून ठेवतो. कोणी वापरू लागला की एक वाढतो, कोणी सोडली की एक कमी होतो. संख्या शून्यावर आली, की वस्तू मोडून तिची मेमरी दुसऱ्याला दिली जाते. वापरणारा निघून गेला, पण संख्या कमी करायची राहिली, तर तीही गळतीच. पहिल्या नजरेला ती निरुपद्रवी वाटते, कारण वस्तू गरजेपेक्षा जास्त काळ जिवंत राहते, इतकेच.

मात्र ही संख्या लिहिण्याची जागा मर्यादित असते. जुन्या स्कूटरच्या किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरमध्ये पाच आकडे असत. ९९,९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यावर येई. कर्नलचा ३२ बिटांचा मोजकही ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ वेळा वाढवला, की शून्यावर परततो. जानेवारी २०१६ मध्ये पर्सेप्शन पॉइंट या इस्रायली कंपनीने लिनक्समधील असाच एक दोष उघड केला. गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या कर्नलच्या विभागात, एखाद्या प्रोग्रॅमने आपला किल्ल्यांचा जुडगा त्याच जुडग्याने बदलण्याची मागणी केली, तर मोजक वाढे आणि कमी होत नसे. हा विभाग ड्रायव्हरचा नव्हता, परंतु मोजकाची रीत सर्व कर्नलभर सारखीच आहे.

संशोधकांनी ही मागणी ४२९ कोटींहून अधिक वेळा केली. साध्या लॅपटॉपमधील प्रोसेसरवर त्यासाठी सुमारे अर्धा तास लागला. मोजक शून्यावर आला, कर्नलने वापरात असलेली वस्तू मोडून टाकली आणि मोकळ्या झालेल्या जागेत संशोधकांनी आपला मजकूर भरला. कर्नल तो मजकूर स्वतःचाच समजून वापरू लागला आणि सामान्य वापरकर्त्याच्या हाती यंत्राचे सर्वाधिकार आले. भक्तनिवासाच्या भाषेत सांगायचे, तर वहीतील बेरीज चुकल्याने माणसे राहत असलेली खोली 'रिकामी' ठरली आणि तिची किल्ली भलत्याच्याच हाती गेली. 'सीव्हीई-२०१६-०७२८' हा क्रमांक मिळालेला हा दोष २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून तेथे होता. अडकून राहणारी वस्तू ही केवळ वाया गेलेली जागा नसते. ती चुकीच्या हिशेबाची खूण असते आणि चुकीचा हिशेब कोणाच्या पथ्यावर पडेल हे सांगता येत नाही.

लंडनचा धडा

गळती किती महागात पडू शकते, याचा जुना आणि पुरेसा नोंदला गेलेला दाखला लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचा आहे. तेथे २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संगणकीकृत पाठवणी यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित झाली आणि पहिल्याच दिवसापासून अडचणींत सापडली. त्यानंतर ४ नोव्हेंबरच्या पहाटे ती आधी मंदावली आणि मग थांबली. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात या थांबण्याचे कारण स्पष्ट करण्यात आले. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅममध्ये केलेल्या एका बदलात थोडी संहिता चुकून राहून गेली होती. रुग्णवाहिका पाठवण्याची प्रत्येक नोंद होताना ती सर्व्हरच्या मेमरीचा लहानसा तुकडा अडकवून ठेवत असे. तीन आठवड्यांत सारी मेमरी संपली. अडीअडचणीला ठेवलेला पर्यायी सर्व्हरही कामी आला नाही.

ती चूक कर्नलमधील नव्हती, प्रोग्रॅममधील होती. तिचे वर्तन मात्र ड्रायव्हरमधील गळतीसारखेच होते. चूक घडली त्या दिवशी काहीच दिसले नाही. परिणाम दिसला तेव्हा मूळ बदल विस्मरणात गेला होता. 'काल तर नीट चालले होते' हा युक्तिवाद या दोषापुढे निरुपयोगी ठरतो.

शोध आणि उपाय

गळती शोधण्याची साधने गेल्या दोन दशकांत बरीच सुधारली. लिनक्समध्ये २००९ साली 'केमेमलीक' हे साधन समाविष्ट झाले. ते ठरावीक अंतराने मेमरी चाळते आणि ज्या तुकड्याचा पत्ता कोणाच्याही जवळ उरलेला नाही, असे तुकडे शोधून त्यांची यादी देते. त्याआधी, २००७ मध्ये, ड्रायव्हरसाठी निराळी सोय झाली. उपकरणाच्या नावे घेतलेले प्रत्येक संसाधन कर्नलच लक्षात ठेवतो आणि उपकरण बाजूला होताच किंवा त्याची सुरुवात फसताच ती सर्व आपोआप परत घेतो. माणसाने लक्षात ठेवायच्या गोष्टी कमी झाल्या, की विसरायच्या गोष्टीही कमी होतात, हे त्यामागील तत्त्व. गुगलमध्ये विकसित झालेले 'सिझकॉलर' हे साधन कर्नलला अहोरात्र वेड्यावाकड्या मागण्या करून अपयशाच्या वाटा धुंडाळते.

मोजकाच्या प्रश्नावर २०१७ मध्ये ४.११ या आवृत्तीत उत्तर आले. नव्या पद्धतीचा मोजक कमाल मर्यादेजवळ पोहोचला, की शून्यावर न जाता तेथेच अडून राहतो. ती वस्तू मग कधीच मोकळी होत नाही. म्हणजे येथे गळती जाणीवपूर्वक पत्करली आहे. कारण यंत्राचा ताबा जाण्यापेक्षा थोडी मेमरी जाणे परवडते. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून रस्ट या भाषेत ड्रायव्हर लिहिण्याची पायाभरणी झाली. या भाषेत वस्तूचा मालक संपला, की वस्तू परत करण्याची व्यवस्था भाषाच करते. त्यामुळे विसरण्याची शक्यता पुष्कळ घटते, पूर्णतः नाहीशी मात्र होत नाही.

कर्नलमधील चुका शोधण्याच्या या परंपरेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. चालू स्थितीतील कर्नल थांबवून आत काय चालले आहे हे पाहू देणाऱ्या 'केजीडीबी' या साधनाच्या जडणघडणीत आणि देखभालीत पुण्याच्या लिनसिससॉफ्ट या कंपनीचे अमित काळे यांचे काम महत्त्वाचे आहे. हे साधन अनेक वर्षे लिनक्सला बाहेरून जोडावे लागे. २००८ मधील २.६.२६ या आवृत्तीत त्याला मूळ कर्नलमध्ये स्थान मिळाले आणि आजही ते वापरात आहे.

गळती बुजवण्याचे कामही जपूनच करावे लागते. घाईने घातलेली 'परत करा' ही एक ओळ, परत केलेली वस्तू दुसऱ्यांदा परत करू शकते किंवा वापरात असलेली वस्तू मोडू शकते, आणि मग गळतीपेक्षा घातक दोष निर्माण होतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका याच शक्यतेचा अभ्यास केला. वरवर उपयुक्त दिसणाऱ्या छोट्या दुरुस्त्यांमधून सदोष संहिता कर्नलमध्ये शिरवता येते काय, हे त्यांनी तपासले. मात्र परीक्षकांना पूर्वकल्पना न देता हा प्रयोग केल्याने एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान स्वीकारणे लिनक्सच्या विकसकांनी थांबवले आणि त्याच्या जुन्या दुरुस्त्या पुन्हा तपासायला घेतल्या. प्रयोगाच्या नैतिकतेबद्दलचा वाद बाजूला ठेवला, तरी दुरुस्तीही मूळ संहितेइतक्याच बारकाईने वाचावी लागते, हे त्यातून ठळक झाले.

अखंड चालणाऱ्या यंत्रांसाठी

कारखाना, रुग्णालय किंवा बँक चालवणाऱ्यांनी कर्नलची संहिता वाचावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु काही गोष्टी त्यांच्या आवाक्यातील आहेत. पहिली गोष्ट, मोजमाप. लिनक्सवर कर्नलने स्वतःसाठी राखलेल्या मेमरीचा, म्हणजे 'स्लॅब'चा आकडा 'मेमइन्फो' या फाइलमध्ये दिसतो. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये 'नॉन-पेज्ड पूल' हा आकडा असतो आणि 'पूलमॉन' या साधनाने कोणत्या ड्रायव्हरने किती मेमरी धरून ठेवली आहे याचा माग काढता येतो. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. दर आठवड्याला त्याच वेळी घेतलेला आकडा कामाचा भार तेवढाच असूनही सतत वाढत असेल, आणि कधीच खाली येत नसेल, तर ते गळतीचे लक्षण समजावे.

दुसरी गोष्ट, अद्ययावत आवृत्ती. गळतीची दुरुस्ती बहुधा लहान असते आणि ती लवकर उपलब्ध होते. अडचण ती बसवण्याची असते. उत्पादन थांबेल या भीतीने यंत्रांवरील जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे तशीच ठेवली जाते. कॅमेरे, राउटर आणि यंत्रनियंत्रक यांसारख्या उपकरणांतही अनेकदा लिनक्स कर्नल असतो, याचा तर विसरच पडतो. खरेदीच्या वेळीच उत्पादकाकडून किती वर्षे दुरुस्त्या मिळतील, हे लेखी घेणे यासाठी आवश्यक ठरते. तिसरी गोष्ट, नियोजित पुनरारंभ. ठरवून, मागणी कमी असलेल्या वेळी यंत्र पुन्हा सुरू केल्याने अडकलेली मेमरी मोकळी होते. मात्र हा तात्पुरता उतारा आहे. मुद्दाम केल्या जाणाऱ्या हल्ल्यापुढे तो टिकत नाही आणि नेहमीची सवय झाली, की मूळ दोष शोधण्याची निकड संपते.

यंत्र वारंवार थिजण्यामागे खोडसाळपणाचा संशय असेल, तर त्याची वाच्यता न करण्याकडे संस्थांचा कल असतो. भारतात २००४ पासून कार्यरत असलेल्या 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती, त्या लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधनही त्यात आहे. हळूहळू वाढत जाणाऱ्या गळतीच्या तपासात या जुन्या नोंदीच उपयोगी पडतात.

छत्रपती संभाजीनगरात १९६० मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे. शहरात यंत्रे आहेत आणि ती समजून घेऊ शकणारे विद्यार्थीही आहेत. लिनक्सची संहिता सर्वांना खुली आहे. रास्पबेरी पायसारखा स्वस्त संगणक आणि 'केमेमलीक'सारखे विनामूल्य साधन एवढ्या सामग्रीवर अपयशाच्या वाटा तपासण्याचे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. 

अभ्यासक्रमात प्रोग्रॅम लिहायला शिकवताना भर असतो तो काम कसे तडीस न्यावे यावर. काम फसले तर काय काय परत करायचे, हा धडा बहुधा शेवटच्या पानावर राहतो. संगणकाचा गाभा मात्र दोन्ही धडे सारख्याच गांभीर्याने तपासतो. एक पहिल्या दिवशी आणि दुसरा कित्येक महिन्यांनंतर, एखाद्या रात्रपाळीत.